राजा भरताचं हरीण आणि आमची चिंगी



आजचं वाचन : श्रीमद्भागवत, पाचवा स्कंध, अध्याय आठवा.

ज्यांचं सकाळी वाचायचं राहून गेलं, त्यांच्यासाठी थोडक्यात कथा सांगते. ऋषभदेवांचा मुलगा भरत. ज्याच्या नावावरून आपल्या देशाला भारतवर्ष म्हणतात असं भागवत सांगतं, तोच हा राजा. उतारवयात राज्य मुलांवर सोपवून तो गंडकीकाठी पुलहाश्रमात जाऊन राहिला. एक दिवस तो नदीवर जप करत बसलेला असताना एक गाभण हरिणी पाणी प्यायला आली. तेवढ्यात सिंहाची डरकाळी ऐकू आली. हरिणीने घाबरून उडी मारली, गर्भ पाण्यात पडला आणि ती पलीकडे जाऊन मेली. भरताने ते वाहून जाणारं पाडस उचललं आणि आश्रमात आणलं.

पुढे काय झालं ते आपल्याला माहीत आहे. चारा, पाणी, खाजवणं, कुरवाळणं. हळूहळू पूजा मागे पडली, जप मागे पडला. आणि आठव्या अध्यायाचा मोठा भाग कशावर आहे? हरीण दिसेनासं झाल्यावर भरताची काय अवस्था व्हायची, त्यावर! लांडग्याने खाल्लं असेल का, परत येईल का, दिवस मावळायला आला तरी कसं आलं नाही... जमिनीवर खुरांचे ठसे दिसले तर ही धरणीच भाग्यवान असं त्याला वाटतं. चंद्रावरचा डाग बघून वाटतं, आपलं पोरकं पाडस चंद्रानेच जवळ घेतलं असेल. शेवटी प्राण जातानाही मन हरणातच अडकलेलं, म्हणून पुढचा जन्म हरणाचा.

लहानपणी शेंदूरजनाघाटला आमचे आबाजी ही कथा सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "पाह्य बाई, एवढा मोठा राजा, राज्य सोडलं, बायकापोरं सोडली, अन् एका हरणापायी अडकला." मी मान डोलवायची. मला वाटायचं, सोपं आहे. जीव लावायचा नाही, संपला विषय.

मग मागच्या दिवाळीत आमची चिंगी हरवली.

चिंगी म्हणजे कुठल्या जातीची वगैरे नाही हं. गावरान, तांबूस रंगाची, एक कान उभा आणि एक पडलेला. ज्यांना आमचं गाव माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, वरुड तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं शेंदूरजनाघाट. पुढे थोड्या अंतरावर मध्य प्रदेशाची हद्द. संत्र्यांच्या बागा आणि संत्र्याच्या कलमांच्या रोपवाटिका, ही गावाची ओळख. जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधून केलेली कलमं इथून लांबलांब जातात. अशाच एका रोपवाटिकेत, कलमांच्या पिशव्यांमध्ये, चार वर्षांपूर्वी हे पिल्लू बाबांना सापडलं. मी पुण्याला नोकरीला, भाऊ बाहेर. आईबाबांना घर खायला उठायचं. चिंगी आली आणि घरात पुन्हा आवाज सुरू झाला. रोज रात्री व्हिडिओ कॉलवर आई आधी चिंगीला दाखवणार, मग स्वतः बोलणार.

लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ. आंब्या बहाराची तोडणी सुरू झालेली, अंगणात रिकाम्या कॅरेटांची थप्पी. आरती चालू असतानाच गल्लीत फटाक्यांची माळ लागली. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून वरचा. आपल्याला जो नुसता 'मोठा आवाज' वाटतो, तो त्यांना काय वाटत असेल? मला हे सगळं माहीत होतं. दरवर्षी आम्ही चिंगीला आतल्या खोलीत ठेवून पंखा आणि टीव्ही मोठा लावतो. त्या दिवशी आरतीच्या गडबडीत राहून गेलं. प्रसाद घेऊन मी आत गेले तर खोली रिकामी. बाहेर आले तर फाटक उघडं.

फाटक उघडं कोणी ठेवलं? माझ्या चुलतभावाचा मुलगा, नऊ वर्षांचा, हातात फुलबाजी घेऊन तिथेच उभा होता. मी त्याच्यावर जी काही ओरडले! "चिंगी मेली तर तुझ्यामुळे मेली, समजलं?" सणाचा दिवस, पाटावर लक्ष्मी, समोर लेकरू, आणि माझ्या तोंडून हे निघालं. तो काही बोलला नाही. फुलबाजी विझली तरी हातातच धरून राहिला.

बाबा गाडी काढत म्हणाले, "रडू नको व माय, सापडते ते. कुठी जाते?" पण त्यांचाही आवाज बसला होता. आमच्याकडे रात्रीच्या वेळी कुत्रं बाहेर असणं म्हणजे काय, हे गावच्या माणसाला सांगावं लागत नाही. शेतांमध्ये खोल विहिरी, कित्येकींना कठडा नाही. डोंगराच्या बाजूला बिबट्याची भीती. वरुडच्या रस्त्यावर संत्र्याच्या गाड्यांची रात्रभर ये-जा. एकेक चित्र डोळ्यांसमोर येत होतं आणि प्रत्येक चित्रात चिंगी होती. भरताचा लांडगा तो हाच, बरं का! तेव्हा नाही सुचलं, आज वाचताना सुचलं.

बस स्टँड झालं, बाजाराची जागा झाली, गल्ल्या झाल्या. मी बॅटरी मारत होते आणि नाव घेत होते. मनात दुसरीकडे देवाशी सौदा चालू. "मारुतीराया, नारळ फोडीन. अकरा शनिवार करीन. फक्त ती दे." इतकी वर्षं नामस्मरण करते, निष्काम भक्तीवर इथे तुमच्यासाठी लिहिते, आणि वेळ आली तेव्हा माझ्याकडे फक्त सौदा होता. असो. देव तोही ऐकत असावा.

रात्री साडेअकराच्या सुमारास वरुड रस्त्याच्या कडेला, गवतात, काहीतरी तांबूस दिसलं.

माझ्या हातापायातलं बळच गेलं. बाबांनी गाडी थांबवली. मी जवळ जाऊन बॅटरी मारली. कुत्रं होतं. तेवढंच मोठं, तोच रंग. पण दोन्ही कान उभे. मागचे पाय चिरडलेले. जिवंत होतं. उजेडाकडे बघून त्याने मान थोडी उचलली आणि शेपटी एकदा हलवली.

मी काय म्हणाले माहीत आहे? "आपली नाही." आणि लगेच, अगदी मनापासून, "देवा, तुझे उपकार!"

आणि आम्ही पुढे गेलो.

चिंगी पहाटे पाचला सापडली. गावाबाहेरच्या एका बागेत, संत्र्याच्या राखणीवर असलेले एक काकाजी शेकोटीजवळ बसले होते. त्यांच्या घोंगडीत, त्यांच्या मांडीला टेकून, चिंगी! मला पाहून ती जी काही उठली, ओरडली, अंगावर आली, ते मी लिहू शकत नाही. ज्यांनी कुत्रं पाळलंय त्यांना सांगायला नको. मी मातीत बसून ढसाढसा रडले.

काकाजी म्हणाले, "तुमची हाय का जी हे? रातच्याला आली पळत. भल्ली भेली होती. भाकर टाकली तं खाल्ली नाही, पाणी पेली. थरथर कापत होती, मंग बसवली अंगाशी."

बाबांनी खिशात हात घातला तर त्यांनी तो तिथेच धरला. "काहून जी? म्या काय केलं? मले तं मालूमबी नव्हतं कोणाची हाय ते."

कोणाची आहे ते माहीत नव्हतं! हे वाक्य ऐकलं आणि मला तो रस्ता आठवला. तोपर्यंत एकदाही आठवला नव्हता.

चिंगीला घरी सोडून आम्ही दोघं परत गेलो. गवत दबलेलं होतं, त्यावर रक्त. पलीकडे चहाची टपरी उघडत होती. टपरीवाले भाऊ म्हणाले, "ते कुत्रं का? पहाटे गेलं जी. नेलं तिकडं बाजूले."

म्हणजे आम्ही निघून गेल्यावरही ते कितीतरी तास जिवंत होतं.

मला कुणी म्हणेल, त्या वेळी तू काय करणार होतीस? दिवाळीची रात्र, डॉक्टर कुठून मिळणार, ते वाचलं असतं कशावरून? बरोबर आहे. कदाचित वाचलं नसतं. पण पाणी देता आलं असतं. कुणाला तरी फोन करता आला असता. रस्त्याच्या कडेपासून थोडं आत घेता आलं असतं. बाबांना तिथे थांबवून मी पुढे जाऊ शकले असते. मी यातलं काही करून हरले असते तर गोष्ट वेगळी होती. मला ते सुचलंच नाही. माझ्या प्रेमाचा तो उजेड त्याच्यावर पडला, 'आपली नाही' एवढं वाचलं आणि पुढे सरकला.

म्हणून आज भरताची कथा वाचताना मी अडखळले. आबाजींनी सांगितलेला अर्थ मला आता पुरेना.

कारण दुसरीकडे महाभारत आहे. महाप्रस्थानिक पर्व, अठरा पर्वांतलं सतरावं. पाच पांडव, द्रौपदी आणि सातवं एक कुत्रं, असे हस्तिनापुराहून निघतात. द्रौपदी पडते, एकेक भाऊ पडतो, युधिष्ठिर मागे वळून न पाहता चालत राहतो. शेवटी इंद्र रथ घेऊन येतो आणि म्हणतो, कुत्र्याला स्वर्गात जागा नाही, त्याला सोड. आणि भावांसाठी न थांबलेला युधिष्ठिर कुत्र्यासाठी अडून बसतो! इंद्र त्याला तेच विचारतो, भावांना सोडलंस, बायकोला सोडलंस, मग याला का नाही? त्याचं उत्तर साधं आहे. ते मेले होते, त्यांना परत उठवणं माझ्या हातात नव्हतं. हा जिवंत आहे, माझ्या आधाराने आला आहे, याला सोडणार नाही. मग ते कुत्रं म्हणजे साक्षात धर्म होता हे कळतं.

मग खरं काय मंडळी? एक राजा प्राण्यापायी अडकला आणि पशूच्या जन्माला गेला. दुसरा राजा प्राण्यासाठी अडला आणि स्वर्गात गेला. आपली शास्त्रं एकमेकांविरुद्ध बोलतात का?

मी बरेच दिवस यावर विचार करते आहे. मला जे उमगलं ते सांगते, चूकभूल द्यावी घ्यावी.

एक, युधिष्ठिराचं कुत्रं त्याचं नव्हतं. त्याने ते पाळलेलं नव्हतं, लाडाने वाढवलेलं नव्हतं. ते मागे मागे आलं होतं, एवढंच. भरताचं हरीण मात्र 'माझं' झालं होतं. त्याच अरण्यात आणखी किती हरणं असतील! किती पाडसं पोरकी झाली असतील! भरताला त्यातलं एकच दिसत होतं.

दोन, भरताची कथा हरणाच्या जन्माशी संपत नाही. आपण तिथेच थांबतो आणि 'जीव लावू नका' असं तात्पर्य काढून मोकळे होतो. पुढचा अध्याय वाचा, त्याच्या पुढचा वाचा. तिसऱ्या जन्मात तो ब्राह्मणाच्या घरी जन्माला येतो. पुन्हा कशात अडकू नये म्हणून वेड्यासारखा वागतो, म्हणून जडभरत. राजा रहूगणाचे लोक त्याला पालखी उचलायला धरून नेतात. आणि पालखी हेलकावे खायला लागते. का? कारण हा पुढची बाणभर जमीन न्याहाळत पाऊल टाकतो. पायाखाली एखादा जीव येऊ नये म्हणून!

इथे मी पुस्तक मिटलं आणि थोडा वेळ तशीच बसून राहिले. ज्याला हरणाने बुडवलं असं आपण म्हणतो, तो शहाणा झाल्यावर कोरडा झाला नाही. उलट, आधी एका पाडसासाठी झुरायचा, आता मुंगीसाठीही थांबतो. त्याचं प्रेम कमी झालं नाही. फक्त त्यातलं 'माझं' गळून पडलं. गीतेच्या पाचव्या अध्यायातला समदर्शी ज्ञानी तो हाच. ब्राह्मण, गाय, हत्ती यांच्याबरोबर त्या श्लोकात कुत्राही आहे, हे आपण पाठ म्हणताना विसरतो.

म्हणजे नदीतून पाडस उचललं ही भरताची चूक नव्हतीच. ते तर पुण्य होतं. चूक ही की दया एका पाडसापाशी येऊन थांबली.

आता एक खरी घडलेली गोष्ट. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी २०२४ च्या जुलैमध्ये बातमी वाचली असेल. बेळगाव जिल्ह्यात निपाणी तालुक्यात यमगर्णी नावाचं गाव आहे. तिथला 'महाराज' नावाचा काळा कुत्रा आपल्या माणसामागे पायी वारीला पंढरपूरला गेला. त्याला भजन ऐकायला आवडतं म्हणे! जूनच्या शेवटच्या आठवड्यात, विठोबाचं दर्शन घेऊन त्याचा माणूस बाहेर आला तर महाराज नाही. लोक म्हणाले, दुसऱ्या एका दिंडीबरोबर गेला. पुष्कळ शोधलं, सापडला नाही. तो माणूस १४ जुलैला गावी परतला. आणि दुसऱ्या दिवशी महाराज दारात उभा, शेपटी हलवत! सुमारे २५० किलोमीटर अंतर. गावाने त्याच्या गळ्यात हार घातला आणि जेवणावळ घातली.

सगळ्यांनी कुत्र्याचं कौतुक केलं, विठ्ठलाची कृपा म्हटलं. मीही तेव्हा स्टेटसला ठेवलं होतं. पण त्या बातमीत एक बारीक गोष्ट होती जी मला या दिवाळीनंतर दिसली. तो परत आला तेव्हा रोडावलेला नव्हता, व्यवस्थित खाल्ल्याप्यायल्यासारखा होता. याचा अर्थ काय? पंढरपूर ते यमगर्णी, त्या सगळ्या वाटेवर कुणी ना कुणी त्याच्यापुढे भाकरी टाकली असणार. कुणी पाणी ठेवलं असणार. त्यांना तो कोणाचा, कुठला, काही ठाऊक नव्हतं. त्यांच्या गळ्यात कोणी हार घातला नाही. विठ्ठलाची कृपा म्हणजे तरी आणखी काय असतं हो? ती कुणाच्या तरी हातानेच येते. चिंगीकडे ती घोंगडी घेऊन आली. त्या रस्त्यावरच्या मुक्या जिवाकडे ती बहुतेक माझ्याच हाताने यायची होती, आणि माझा हात रिकामा पुढे गेला.

तर, तुमचं जनावर हरवलं आणि तुम्ही वेड्यासारखे झालात, तर लाजू नका. कुणी म्हणेल 'कुत्र्यासाठी एवढं?' म्हणू दे. तो जीव तुमच्या आधाराने राहतो, त्याला शोधणं हे तुमचं काम आहे. मनापासून शोधा. आरडाओरड न करता हळू आवाजात हाक मारा, भेदरलेलं कुत्रं पाठलाग केला की आणखी पळतं. आपला वापरलेला कपडा दाराबाहेर ठेवा, वासावर येतं. आणि फटाक्यांच्या दिवशी आरतीच्या आधी खोलीचं दार तपासा. हे मी स्वतःला सांगते आहे.

पण एक लक्षात ठेवा. त्या रात्री मी जन्मात पहिल्यांदा गावातलं प्रत्येक कुत्रं नीट पाहिलं. कोणतं लंगडतं, कोणाला खरूज आहे, कोण कोणाच्या ओट्याखाली झोपतं. भीतीने माझे डोळे उघडले होते. चिंगी सापडली आणि ते पुन्हा मिटायला लागले. आपली भीती मोह होती की प्रेम, हे शोधताना कळत नाही. सापडल्यानंतर कळतं. सुटकेचा श्वास टाकल्यावर जर डोळे मिटले, तर तो मोह. उघडे राहिले, तर कुठेतरी जडभरताची वाट सुरू झाली असं समजायचं.

माझे पूर्ण उघडे आहेत असा माझा दावा नाही. पुण्यात ऑफिसला उशीर होत असला की मी आजही बघून न बघितल्यासारखं करते. पण पिशवीत बिस्किटाचा पुडा असतो, आणि प्राण्यांच्या डॉक्टरांचा एक नंबर फोनमध्ये आहे. आमच्या गल्लीतल्या तीन कुत्र्यांना आम्ही शेजाऱ्यांनी वर्गणी काढून रेबीजची लस टोचून घेतली. एवढंच.

आणि हो, त्या लेकराचं राहिलं. पहाटे चिंगीला घेऊन आले तेव्हा तो ओट्यावर झोपलेला होता. आई म्हणाली, रात्रभर आत आलाच नाही, चिंगी आली तर तिला फाटक बंद दिसू नये म्हणून बसून होता. मी त्याच्यापाशी बसले. तो जागा झाला, आधी चिंगीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, "चुकलं रे माझं." तो म्हणाला, "आत्या, आता लावू का फाटक?"

नारळ मी मारुतीला फोडला. अकरा शनिवारही केले. दर शनिवारी देवळातून येताना त्या काकाजींचे हात आठवतात, आणि तो गवतातला उजेड आठवतो. दोन्ही आठवत राहावेत, एवढंच मागणं आहे.

आजचा संकल्प : आज घरी जाताना रस्त्यावरच्या अशा एका जिवाकडे नीट बघायचं, ज्याच्याबद्दल आपण 'आपला नाही' म्हणतो. जमलं तर थोडं पाणी. बाकी काही नाही.

उद्याचं वाचन : पंचम स्कंध, अध्याय नववा.

रामकृष्णहरी!